मोठ्यानं सांग, पण लहान सांग

आमचे घरमालक बहिरे होते आणि भित्रे होते. दोन्ही गोष्टी त्यांना धंद्यानं दिल्या, असं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणत. बहिरेपणाचं मला पटतं. जुन्या नाशकातल्या तांबट आळीत जन्म घ्यायचा, पाळण्यात पडल्यापासून तांब्यावरचे घण ऐकायचे आणि मिसरूड फुटायच्या आत स्वतः हातोडा धरायचा, मग चाळिशीला कान राहणार कसे? आळीतले सगळेच कमीजास्त बहिरे होते आणि सगळेच ओरडून बोलत. आमचे मालक तेवढे वेगळे. दुसऱ्यानं ओरडावं अशी त्यांची सक्ती असे. स्वतः मात्र इतकं हळू बोलत की ऐकायला वाकावं लागे. मोठा आवाज ऐकून कुणीतरी वरून खाली बघेल, अशी त्यांना धास्ती असावी.

त्यांना सगळे आबा म्हणत. मीही चार वर्षं आबाच म्हणालो.

मॅट्रिक होऊन मी नाशकाला कॉलेजात नाव घातलं, तेव्हा खोली शोधत त्यांच्या ओट्याशी आलो. ते एका पालथ्या तांब्याच्या घंगाळापुढं मांडी घालून बसले होते. मी नमस्कार केला. शेतकऱ्याचा मुलगा, सिन्नरकडचा, बीए करायचंय, वगैरे सांगितलं. त्यातलं त्यांनी काही ऐकलं नसावं. माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "आज काय बरं झालं?"

मला वाटलं, माझी लायकी विचारताहेत. मी म्हणालो, "मी मॅट्रिक झालो. आमच्या गावात इतकं कुणीच शिकलेलं नाही."

"मोठ्यानं."

मी ओरडून सांगितलं. समोरच्या दुकानातले दोघे हात थांबवून माझ्याकडे बघू लागले.

"ते नको!" आबा दचकून म्हणाले. मी काही अभद्र बोललो असावं असा चेहरा. "ते फार मोठं आहे. लहान सांग. मोठ्यानं सांग, पण लहान सांग. आजचं."

मी बराच वेळ आठवत उभा राहिलो. मला सांगण्यासारखं लहान काही सापडेना. मी गावातून निघालो होतो तो मोठं सांगण्यासाठीच. शेवटी ओरडलो, "टांग्यात पुढं बसायला जागा मिळाली!"

"हां." त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी लोखंडी हातोडीचा एकच ठोका घंगाळावर मारला. टण. "खोली वर आहे. जिन्याची तिसरी पायरी डुगडुगते, घाबरू नकोस. मी घाबरतो."

ते घंगाळ म्हणजे आबांचं खूळ होतं. तांब्याचं भांडं घडवून झालं की त्याच्यावर छोट्या हातोडीनं शेजारीशेजारी ठोके मारत जातात. त्यानं पत्रा कडक होतो आणि भांड्यावर छोट्याछोट्या खळ्यांची नक्षी उमटते. याला मठारणं म्हणतात. कसबी तांबट एक घंगाळ दिवसात मठारून मोकळा होतो. आबाही विक्रीची घंगाळं तशीच करत. पण एक घंगाळ ते विक्रीचं धरत नसत. संध्याकाळी आळीतले घण मंदावले की ते ओट्यावर येई, आणि ओट्यावर बसणाऱ्यांनी त्या दिवसाची एकेक बरी गोष्ट सांगायची. एका गोष्टीला एक ठोका. असं एक घंगाळ पुरं व्हायला वर्षंच्या वर्षं जात. पुरं झालं की आबा ते कुणाला तरी देऊन टाकत आणि नवं पालथं घालत.

ओट्यावर बसणारे फार नव्हते. एक कल्हईवाले चाचा. आळीतल्या भांड्यांना कल्हई लावायचं काम त्यांच्याकडे पिढीजात होतं. दुसरी भाजीवाली मावशी. पंचवटीतला भाजीबाजार उठला की पूल ओलांडून रिकामी पाटी घेऊन ती घराकडे जाई आणि वाटेत आमच्या ओट्याला टेकून पाय मोकळे करी. तिसरा मी. काकू दाराआडून ऐकत, आणि आपली बरी गोष्ट आतूनच सांगत. चाचा खालच्या पायरीवर बसत. त्या काळी तसंच होतं. मला ते तेव्हा खटकलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

"आज माह्या मेथीची येक बी जुडी ऱ्हायली नाय," मावशी म्हणायची.

टण.

"आज भट्टी पहिल्या फुंकेला पेटली, आबा. खुदा की कसम, पहिल्या फुंकेला."

टण.

"मांजरानं दूध सांडलं नाही हो!" आतून काकू.

टण.

मग सगळे माझ्याकडे बघत. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटे. आबा "मोठ्यानं" म्हणत. पुन्हा पुटपुटलो की पुन्हा "मोठ्यानं". कॉलेजात शिकणाऱ्या माणसानं भर आळीत "माझी शाईची बाटली आज फुटली नाही!" असं ओरडायचं म्हणजे काय लाज वाटे ते मलाच ठाऊक. समोरच्या दुकानातून कुणीतरी हटकून विचारी, "काय हो बीए, बाटली शाबूत ना?"

"त्याला बीए म्हणू नका!" आबा कळवळून म्हणत. "झाला नाहीये तो अजून." स्वतः ते मला 'वरचा' म्हणत. वरच्या खोलीत राहणारा म्हणून वरचा. "ए वरच्या, तुझं काय?"

ते मोठ्या बातमीला इतके का भीत, हे मला चाचांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी एका संस्थानिकाच्या घरच्या लग्नाची भांडी घडवायचं काम आबांना मिळालं होतं. हंडे, घंगाळं, परातींची रास. कारभारी स्वतः येऊन सांगून गेला. आबांनी त्याच दिवशी सगळ्या आळीला जेवण घातलं. "पुरणपोळी होती," चाचा म्हणाले, "मलाही होती." पुढं लग्न झालं, पण भांडी गेली ती मुंबईच्या एका दुकानाची. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. हलकी, चकचकीत, घडवलेली नव्हेत तर यंत्रात दाबून काढलेली. आबांच्या घरात तांब्याचे पत्रे तसेच उभे राहिले. त्या दिवसापासून माणूस असा झाला.

"आणि बेटा," चाचा पुढं म्हणाले, "जर्मनच्या भांड्याला कल्हई लागत नाही." हे त्यांनी हसून सांगितलं.

तो काळच तसा होता. मंदी होती. आळीतला एखादा घण आज बंद पडे आणि पुन्हा चालू होत नसे. बहिऱ्या आबांना तेवढं मात्र लगेच कळे. ते ओट्याच्या दगडावर तळवा टेकवून बसत. म्हणत, "डाव्या बाजूचा तिसरा आज लागला नाही." भांडं तपासायचं तेही तसंच. एक हात भांड्यावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं टिचकी मारायची. तडा असला तर तळव्याला कळतो म्हणत. माणसांकडेही ते तसेच बघत. ऐकू येत नसल्यानं सगळं लक्ष तोंडाकडे.

बाकी त्यांची भीती कशाकशात होती ते सांगायला बसलो तर रात्र पुरणार नाही. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघत. मग मला पाठवत. "तू बघून ये. माझ्या हाताला ते लागल्यासारखंच वाटतं." पोस्टमन आळीत शिरला की ते मागच्या अंगणात जात, आणि तो गेल्यावर काकूंना विचारत, "आपल्याकडे नाही ना आला?" पत्र बऱ्या बातमीचं असू शकतं, असं मी एकदा सुचवलं. ते म्हणाले, "म्हणूनच."

मला सुरुवातीला या माणसाची कीव यायची. नंतर नंतर माझ्या लक्षात आलं की दिवसभर माझं डोकंही संध्याकाळसाठी काहीतरी शोधत असतं. सरांनी हजेरी घेताना माझं नाव बरोबर उच्चारलं. खानावळीत आज वरण गरम होतं. वाचनालयातल्या खिडकीजवळची खुर्ची मिळाली. घरून येताना मी जी छाती फुगवून आलो होतो, तिच्यात हे असलं काही मावत नव्हतं. आता मावायला लागलं.

आता खरी गोष्ट सांगतो.

मी शिकायला निघालो तेव्हा माझ्या चुलत्यांनी वडिलांना एक अट घातली होती. शेत दोघांचं, राबणारे हात मोजके. "चार साल त्याच्या वाटनीचं मी राबन," चुलते म्हणाले होते, "पन येकच डाव. नापास झाला का त्यानं औत धरायचं, पुन्यांदा कालेजचं नाव काढायचं नाय." वडिलांनी मारुतीच्या पारावर चार माणसांदेखत हो म्हटलं होतं. त्यातच, खानदेशातल्या एका हायस्कुलाच्या हेडमास्तरांनी मला कळवलं होतं, की बीए झालात तर या, मास्तराची जागा आहे. म्हणजे एका बाजूला खडू आणि दुसऱ्या बाजूला औत. मध्ये बीएची परीक्षा.

परीक्षेचं केंद्र परगावी होतं. बाकीचे पेपर ठीक गेले. अर्थशास्त्राच्या पेपरात मी घात केला. पेपराचे दोन विभाग, आणि दोन विभागांची उत्तरं दोन वेगळ्या वह्यांत लिहायची, कारण त्या तपासायला दोन वेगळ्या परीक्षकांकडे जात. दुसऱ्या विभागातली दोन उत्तरं मी घाईत पहिल्या वहीत लिहिली. वह्या गोळा झाल्या, मी बाहेर आलो, पंपावर पाणी प्यायला ओंजळ धरली, आणि तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं. ओंजळीतलं पाणी तसंच गळून गेलं. ज्या परीक्षकाला ती उत्तरं हवीत त्याला ती दिसणार नाहीत, आणि ज्याला दिसतील तो त्यांवर काट मारणार. उत्तरं बरोबर होती हेच जास्त लागत होतं.

नाशकाला परतलो त्या संध्याकाळी ओट्यावर सगळे माझीच वाट बघत होते. मावशी घरी न जाता थांबली होती. काकू चक्क दारात आल्या होत्या. आबा इतके घाबरलेले होते की त्यांनी प्रश्नसुद्धा विचारला नाही, नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी ओरडलो, "अर्थशास्त्राचा पेपर बरा गेला!"

आणि मान खाली घातली. ठोका ऐकू आला. त्याचा आवाज मला जरा बसका वाटला. मला वाटलं, खोटं बोलणाऱ्याला तसाच ऐकू येणार. मावशीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. समोरच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "शाब्बास, बीए!" या वेळी आबा त्याला रागावले नाहीत. तेही माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

रात्री मी ठरवलं, उद्या खरं सांगायचं. पण दुसऱ्या दिवशी बुधवारचा बाजार होता. आमच्या गावचा एक माणूस मावशीकडे भाजी घ्यायला गेला, आणि मावशीनं त्याला आनंदानं सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी ते आमच्या गावात होतं. आठवड्यानं वडिलांचा निरोप आला, तुझ्या पेपराचं कळलं, चुलत्यानं पारावर पेढे वाटले. पेढे! अट घालणाऱ्या चुलत्यांनी.

मग निकालाची वाट बघण्याचे दोन महिने गेले. उन्हाळा होता. मला झोप लागेना, अन्न जाईना. नापास झालो तर औत होतंच, ते मी धरलं असतं. शेतकऱ्याचा मुलगा आहे, औताची लाज कसली? पण त्या घंगाळाची मला भीती वाटू लागली. काठाजवळ, डाव्या अंगाला, एक खळी होती. ती माझी, हे मी पक्कं ओळखून ठेवलं होतं. बाकीच्यांपेक्षा ती जरा खोल होती. आबा नसताना मी तिच्यावर अंगठा ठेवून बघायचो. वर्षानुवर्षांच्या खऱ्या गोष्टींच्या रांगेत ही एक खोटी बसली होती आणि हे एकट्या मला ठाऊक होतं. आबांसारख्या माणसाला हे कळलं तर तो सगळं घंगाळच भट्टीत घालेल, पुन्हा कुणाचं काही ऐकणार नाही, असं मला वाटे. भीती लागट असते की काय कोण जाणे. मीही खोलीचं कुलूप दोनदा ओढून बघायला लागलो होतो.

निकालाला आठवडाभर उरला असेल, तेव्हा बाजाराच्या दिवशी वडील आले. बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्यांची पिशवी आबांसाठी आणली होती. ओट्याच्या कडेला अवघडून बसले. इतकी वर्षं मी त्यांना या ओट्याबद्दल सांगत होतो, पण संध्याकाळच्या वेळी ते पहिल्यांदाच आले होते.

मावशीची गोष्ट झाली, चाचांची झाली. आबांनी वडिलांकडे बघितलं. "पाटील, आज काय बरं झालं?"

वडिलांना आठवावं लागलं नाही. शेतात हाळी घालायची सवय, आवाज खणखणीत. "माह्या पोराचा पेपर बरा गेला, ह्येच माह्यं रोजचं बरं! गावात रोज कुनीतरी इचारतं. मी सांगतो, त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय, आख्ख्या आळीनं ऐकलंय. आनखी काय पायजे आबा मान्साला?"

आबांनी हातोडी उचलली. लोखंडी हातोडी. मी बघत होतो. माझ्या एका खोट्याची आता दुसरी खळी पडणार होती, आणि ती वडिलांच्या नावानं.

"मारू नका," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"आबा, मारू नका!"

"का?"

"पेपर बरा गेला नाही! मी खोटं बोललो! दोन उत्तरं चुकीच्या वहीत लिहिली! मी नापास होणार!"

बहिऱ्या माणसापुढं कबुली द्यायची म्हणजे ती साऱ्या गावापुढं द्यावी लागते. समोरचा घण थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडचा. चार वर्षांत मी त्या आळीत दिवसाउजेडी इतकी शांतता ऐकली नव्हती. वडील माझ्याकडे बघत होते, पण मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

पायरी डुगडुगली तरी दचकणारे आबा या वेळी दचकले नाहीत. त्यांनी हातोडी मांडीशी ठेवली. "तुझी खळी कोणती?"

मी काठाजवळची दाखवली.

"ही? ही मावशीच्या मेथीची."

"माह्या मेथीची हाय ती!" मावशी पुढं सरकून म्हणाली. "मामलेदाराच्या गड्यानं दोन जुड्या नेल्या, तव्हाची! तू कशाला हात लावतो तिला?"

आबांनी मागं हात नेऊन भिंतीला टेकवलेली लाकडी मोगरी घेतली. पत्र्याला नुसता बाक द्यायचा असला, खूण उमटू द्यायची नसली, की तांबट ही वापरतात. त्यांनी ती घंगाळाच्या कोऱ्या भागावर मारली. ठप्. तोच बसका आवाज. मग माझं बोट धरून त्या जागेवरून फिरवलं. जागा गुळगुळीत होती.

"त्या दिवशी हिनं मारला," आबा म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"मोठ्यानं."

"तुम्हाला कळलं होतं!"

"चार वर्षं तू तोंडातल्या तोंडात बोलतोस. तीनतीनदा मोठ्यानं म्हणावं लागतं. त्या दिवशी मी काही म्हणायच्या आधीच ओरडलास."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?" मला एकदम रागच आला. "दोन महिने मी..."

"भित्रा माणूस मी," आबा म्हणाले. "वाटलं, तूच उद्या सांगशील. रोज वाटायचं, आज सांगेल. निकालाआधी सांगतोस की नाही, याच घोरात होतो. मलाही झोप नव्हती रे."

खालच्या पायरीवरून चाचा हळूच म्हणाले, "मोगरी तर मीही बघितली होती बेटा. बोललो नाही."

वडिलांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "आन मी गावभर सांगत फिरलो," ते म्हणाले. आवाज खणखणीत राहिला नव्हता. "आता घरी जाऊन काय सांगू?"

"लहान सांगा," आबा म्हणाले. "पोरगं नीट जेवतंय, असं सांगा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "जेवतो का रं नीट?"

मला खोटं बोलवेना. "नाही."

मावशी फिस्सकन हसली. मग चाचा हसले, मग वडीलही, डोळे पुसतापुसता. काकू आतून ओरडल्या, "आज जेवेल हो! कैरीची डाळ करते!"

जाताना वडील उठून पुन्हा बसले. "आबा, माह्या नावाचा ठोका ऱ्हायला. पोरगं बापाम्होरं खरं बोललं. ह्ये लहान हाय का मोठं?"

आबांनी बराच विचार केला. "मधलं आहे," ते म्हणाले, आणि लोखंडी हातोडीनं अगदी जपून, हलक्या हातानं ठोका मारला.

आठवड्यानं निकाल आला. मुंबईचं वर्तमानपत्र दुपारी वाचनालयात येई. बारीक टाइपात नुसते नंबर छापलेले. मी वरून खाली बघत गेलो, खालून वर आलो, आणि पास झालेल्यांच्या अगदी शेवटच्या ओळींत माझा नंबर सापडला. त्या दोन उत्तरांचं काय झालं, कुणा भल्या परीक्षकानं वही उलटून बघितली की त्यांच्याशिवायच मी तरलो, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या गावातला पहिला पदवीधर मी. हे मी फार वेळा सांगतो अशी घरात तक्रार आहे. मी सांगणारच.

मी पळत आळीत आलो. सगळ्या नाशकाला ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. आबांनी मला धावत येताना पाहिलं, आणि त्या बहिऱ्या माणसानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"लहान सांग! लहान सांग!"

खरं सांगतो, क्षणभर त्यांचा संताप आला. चार वर्षांची मेहनत, चुलत्यांचे कष्ट, वडिलांची जबान, ही लहान करायची कशी? मी धापा टाकत उभा राहिलो. मग म्हणालो, "माझा नंबर छापलाय."

"मोठ्यानं."

"माझा नंबर छापलाय! शाई जरा फुटलीय, पण वाचता येतो!"

टण.

"अजून?"

"पास झालेल्यांच्या यादीत आहे!"

आबांनी आळीच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं. वर आभाळाकडे बघितलं. मग तो ठोका मारला, आणि मला म्हणाले, "जा, मागच्या दाराचं कुलूप बघून ये." मी परत आलो तेव्हा ते काकूंकडून डोळ्यांत गेलेला कचरा काढून घेत होते.

जून संपायच्या आत मला खानदेशात रुजू व्हायचं होतं. निघायच्या दिवशी आळीच्या तोंडाशी टांगा येऊन थांबला. माझी पत्र्याची पेटी चाचांनी मला उचलू दिली नाही. मावशी बाजार अर्धा टाकून आली होती. सगळे ओट्यावर होते. घंगाळ पालथं होतं. दिवसाची वेळ होती, ठोक्यांची नव्हे, तरी आबांनी ते बाहेर काढून ठेवलं होतं.

मी त्यांच्या पाया पडलो, आणि वाकलो असतानाच माझ्या मनात आलं की इतक्या वर्षांत ओट्यावरच्या प्रत्येकानं आपलं सांगितलं, मांजराच्या दुधापर्यंत सगळं त्या घंगाळावर गेलं, पण आबांचं स्वतःचं काही आम्ही कधी ऐकलं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "आबा, तुमचं आज काय बरं झालं?"

ते दचकले. दाराकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, टांग्याकडे बघितलं. मला वाटलं, पुन्हा "मोठ्यानं" म्हणतील. पण ज्यांचं बोलणं ऐकायला आम्ही वाकत असू, ते आबा एकदम एवढ्या मोठ्यानं ओरडले की टांग्याचा घोडा बिचकला.

"खोली रिकामी झाली! बरं झालं! कोळसा ठेवायला जागा झाली!"

लोखंडी हातोडी त्यांच्या मांडीशीच पडली होती. त्यांचा हात तिच्यावरून मागं गेला, आणि त्यांनी भिंतीला टेकवलेली मोगरी उचलली.